विमान वर गेले, जिजाई खालीच राहिली

बीजेच्या दिवशी देहूला गेलो की वैकुंठगमन मंदिराजवळच्या नांदुरकीच्या झाडाखाली थोडा वेळ बसायचे, हा आमच्या घरचा रिवाज. तिथे बसले की मला हमखास एक विमान दिसते. गरुडाच्या आकाराचे, काळ्यापांढऱ्या रंगातले. ते पुराणातले नव्हे, प्रभातचे!

सत्तरच्या दशकात देहूत पटांगणात पांढरा पडदा बांधून ‘संत तुकाराम’ दाखवला होता. आजी पडद्याला हात जोडून बसली होती. तिला अक्षरओळख नव्हती. तिच्या लेखी विष्णुपंत पागनीस हेच तुकोबा होते.

तेव्हापासून आमच्या घरात एक वाद रंगत आला आहे. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या जोडीच्या संतपटांत आणि पौराणिक पटांत सर्वांत सरस कोणता? दोघेही कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाले आणि १९२९ साली ‘प्रभात’च्या स्थापनेत भागीदार झाले. पुढे दामल्यांनी ध्वनिमुद्रण सांभाळले, तर साहेबमामा फत्तेलालांनी कलादिग्दर्शन. चमत्कार डोळ्यांना पटला पाहिजे, ही दोघांची जिद्द. संगणक तर सोडाच, साधनेही तुटपुंजी असलेला तो काळ.

माझ्या यादीत चौथा ‘संत सखू’ (१९४१). त्यात राजा नेने हेही दिग्दर्शनात होते. सखूच्या रूपात विठ्ठल घरकाम करतो आणि हंसा वाडकर दोन सखू उभ्या करतात. तिसरा ‘गोपालकृष्ण’ (१९३८). राम मराठ्यांचा खट्याळ कृष्ण, शांता आपट्यांची राधा आणि गाईगुरांनी भरलेले गोकुळ. दुसरा ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०). वेद बोलणारा रेडा आणि चालणारी भिंत. नुसत्या करामतीवर गुण द्यायचे, तर हाच पहिला येईल. आमच्या वडिलांचे मतही तेच होते.

वडील पिंपरीच्या एका कारखान्यात कामगार. दरवर्षी आषाढीला बिनपगारी रजा टाकून वारीला जात. वाटेत कुणी अडलेला भेटला की खिसा रिकामा करून परत येत. त्या महिन्यात आईची जी ओढाताण होई, ती आम्हा भावंडांना कळायला फार वर्षे लागली.

मी पहिला नंबर ‘संत तुकाराम’ला (१९३६) देतो, ते आईमुळे. मुंबईत एका चित्रपटगृहात ५७ आठवडे चाललेला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला हा चित्रपट. त्यातला ‘आधी बीज एकले’ हा शांताराम आठवल्यांनी लिहिलेला अभंग लोक तुकोबांचाच समजून म्हणू लागले! पण आईला या कशाशी कर्तव्य नव्हते. तिने पाहिली ती गौरीने उभी केलेली जिजाई. मूल आजारी पडल्यावर वहाण घेऊन थेट पांडुरंगाला जाब विचारायला निघालेली. त्या प्रसंगाला पटांगण हसले होते. आई हसली नाही.

घरी येताना तिने वडिलांना एवढेच विचारले, “अहो, विमानात एकाचीच जागा होती का हो?”

वडील काही बोलले नाहीत. वारी त्यांनी सोडली नाही. पण पुढच्या आषाढीपासून निघण्यापूर्वी महिन्याचे वाणसामान भरून, उरलेले पैसे आईच्या हाती देऊ लागले.

दामले-फत्तेलालांचे मोठेपण मला इथे दिसते. विमान आकाशात उडवणे ही कारागिरी झाली. पण ते उडत असताना खाली राहिलेल्या बाईचा विसर पडू न देणे, ही निराळी गोष्ट. चूल, रिकामे डबे, रडणारी पोरे त्यांनी इतकी खरी दाखवली, म्हणूनच तो चमत्कारही खरा वाटला.

आज देहूच्या चहूबाजूंना कारखाने आणि इमारती आहेत. वडील गेले, आईही गेली. यंदा बीजेला नातू बरोबर होता. मोबाईलवर त्याला ते विमान दाखवले. “आजोबा, हे तर खोटं दिसतंय,” तो म्हणाला. मग जिजाईचा प्रसंग लागला आणि तो गप्प झाला. थोड्या वेळाने त्याने विचारले, “मग त्या आजीचं पुढे काय झालं?”

पहिला नंबर कायम!