माळ लांबली, म्हणजे कावीळ उतरली?

मी माढ्याचा. सहावीत असताना मला कावीळ झाली तेव्हा आजीनं माळ घालायला नेलं होतं. काड्यांची ती छोटीशी माळ रोज थोडी लांबायची. पोटापर्यंत आली की कावीळ उतरली, असा हिशेब. मी बराही झालो. पुढं मामांचे डोळे पिवळे झाले तेव्हा सगळ्यांनी माझंच उदाहरण दिलं. त्यांनीही माळ घातली, डोळे निवळले. सहा वर्षांनी पोटात पाणी झालं, तेव्हा कळलं की त्यांना हिपॅटायटीस बी आहे. तोवर लिव्हर सिरॉसिसपर्यंत गेलं होतं.

आम्ही दोन्ही वेळा एकच शब्द वापरला, कावीळ. गफलत तिथंच झाली. कावीळ हा आजार नाही, लक्षण आहे. लिव्हरला सूज आली की रक्तात बिलीरुबिन वाढतं आणि डोळे, लघवी पिवळी होते. ही सूज आणणारे मुख्य विषाणू पाच: ए, बी, सी, डी आणि ई.

ए आणि ई घाण पाण्यातून, अन्नातून पोटात जातात. पावसाळ्यात फुटक्या पाइपात गटाराचं पाणी शिरलं की गल्लीच्या गल्ली आजारी पडते. यातले बहुतेक जण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, आणि श्रेय माळेला जातं. (माळ लांबते, कारण ओल्या काड्या वाळून आकसतात आणि दोऱ्याच्या गाठी सैल पडतात.) गरोदर बाईला मात्र ई जिवावर बेतू शकतो. तिला माळ घालून घरी बसवू नका, लगेच दवाखान्यात न्या.

बी आणि सी रक्तातून पसरतात. वापरलेली सुई, वस्तरा, गोंदण, आईकडून बाळाला, बी शरीरसंबंधातूनही. हे वर्षानुवर्षं गप्प बसतात. अमिताभ बच्चन यांना 1982 च्या ‘कुली’च्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून बी झाला. कळलं जवळपास 18 वर्षांनी, आणि तोवर लिव्हरचा 75 टक्के भाग गेला होता, असं ते स्वतः सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात बी चे 2.98 कोटी आणि सी चे 55 लाख रुग्ण होते. त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही.

28 जुलै हा जागतिक हिपॅटायटीस दिन. बी चा विषाणू शोधणाऱ्या बरूच ब्लमबर्ग यांचा तो जन्मदिवस. 2018 साली त्याच दिवशी आपला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात ठरवून दिलेल्या सरकारी दवाखान्यांत तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. सी बहुतेकांचा 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बी सहसा मुळापासून जात नाही, पण गोळीनं आटोक्यात राहतो. शिवाय त्याची लस आहे. पहिला डोस बाळाला जन्मल्यापासून 24 तासांत द्यायचा.

मामांचं निदान झाल्यावर डॉक्टरांनी सगळ्या भावंडांचं रक्त तपासायला सांगितलं. माझ्या आईचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. मावशीचा पॉझिटिव्ह. तिला आयुष्यात एकदाही कावीळ झालेली नाही.