संकटात फुगलेलं सरकार आटतच नाही?

गणपतीला मुंबईकर सव-दासगावात, महाड-पोलादपुरात उतरले की ओटीवर एक वाक्य हमखास पडतं: "कोविडमध्ये सरकार जे फुगलं, ते काही आटायचं नाही." ऐकून ऐकून कान किटले.

फुगलं, हे खरं. केंद्राचा खर्च 2019-20 मध्ये जीडीपीच्या साडेतेरा टक्क्यांच्या आसपास होता, तो वर्षभरात पावणेअठराच्या घरात गेला. पण जरा फोड करून बघा की! त्या वर्षी जीडीपीच घटला; भाजक लहान झाला की भागाकार मोठाच येणार. अन्न अनुदान 1.09 लाख कोटींवरून 5.41 लाख कोटींवर गेलं. त्यात मोफत धान्य होतंच, शिवाय अन्न महामंडळाच्या नावावर साचवलेलं जुनं कर्जही अर्थसंकल्पात आणून फेडलं गेलं. जुनी उधारी वहीत चढवली, याला सरकारची वाढ कसं म्हणायचं?

आता आटण्याचं. केंद्राची वित्तीय तूट 9.2 टक्क्यांवर गेली होती. 2024-25 मध्ये ती 4.8 टक्के झाली. चाकरमानी गावाकडे परतले त्या 2020-21 मध्ये रोजगार हमीवर देशभरात सुमारे 389 कोटी मनुष्यदिवस काम निघालं. दोन वर्षांत हा आकडा 300 कोटींच्या खाली आला. लोक पुन्हा शहरात गेले म्हणून, की निधीच आखडला म्हणून, यावर खुशाल भांडा. काम आटलं, एवढं नक्की. 1972 च्या दुष्काळातही हेच झालं. ज्याँ द्रेझ यांच्या अभ्यासानुसार मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास मजूर होते. पाऊस पडला, कामं ओसरली.

किरकोळ गैरसमज झटपट उरकतो. खर्च वाढला म्हणजे नोकरभरती झाली? उलट 4 मे 2020 च्या आदेशाने राज्याने आरोग्य खात्यांखेरीज नवी भरतीच थांबवली आणि विकासकामांच्या खर्चाला 67 टक्के कात्री लावली. रोजगार हमी दिल्लीची देणगी? नाही. वि. स. पागे यांची कल्पना, राज्याचा 1977 चा कायदा. दिल्लीला जाग आली 2005 मध्ये.

ओटीवरच्या वाक्यात तथ्य मुळीच नाही, असंही नाही. संकट सरलं तरी सरकार पूर्वीइतकं लहान होत नाही, हे रॉबर्ट हिग्ज या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1987 च्या 'क्रायसिस अँड लेव्हायथन' पुस्तकात मांडलं. महाडकरांना हे वेगळं सांगायला नको. सावित्रीचा पूर ओसरतो, गाळ राहतो. मात्र मागे उरतात ते मुख्यतः कायदे आणि कर. रोजगार हमीचा खर्च भागवायला 1975 मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. दुष्काळ कधीच संपला. मुंबईकरांनो, पगाराची स्लिप काढून बघा: महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये आजही कापले जातात.