ज्यांची तिथीच माहीत नाही

आजचा भाग विठ्ठलवाडीहून, आमच्या गच्चीवरून. मागे लोकलचा आवाज येतोय, सांभाळून घ्या. माझ्या मोबाईलची स्क्रीन फुटलीय, पण पितृपक्ष चालू आहे ना, आई म्हणते, "नवीन फोन घटस्थापनेनंतरच."

तर पितृपक्ष म्हणजे भाद्रपदाचा वद्य पंधरवडा. माणूस ज्या तिथीला गेला, त्या तिथीला त्याचं श्राद्ध. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, आणि कावळ्यासाठी गच्चीवर पान. परवा आजोबांचं होतं. पाऊण तास मी नुसती कबुतरं हाकलली, कावळ्याचा पत्ता नाही. शेवटी बाबा हळूच म्हणाले, "अण्णा, नातवाच्या नोकरीचं बघतो मी, घ्या आता." आला की हो! योगायोग असेल. मी वाद घातला नाही.

शेजारच्या सिंधी आजींची गोष्ट वेगळी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत राहिली, १९४९ मध्ये त्याच वस्तीचं उल्हासनगर झालं. आजी तेव्हा अगदी लहान. त्यांचे काका येताना वाटेत हरवले. कधी गेले, कुठे गेले, काहीच कळलं नाही. मग तिथी कुठली धरणार? अशांसाठी सर्वपित्री अमावस्या असते. आजी दरवर्षी त्या दिवशी काकांचं पान वाढतात.

मेक्सिकोत १ नोव्हेंबरला लहान मुलांची आठवण काढतात, २ ला मोठ्यांची. वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरतात. झेंडू मूळचा तिकडचाच बरं का, आपण त्याला दसऱ्याचा करून टाकलाय! त्याच २ नोव्हेंबरला आपल्या वसईतले ख्रिस्ती लोक कबरींवर मेणबत्त्या लावतात. जपानमध्ये ओबोनला, बहुतेक ठिकाणी ऑगस्टमध्ये, पाण्यावर दिवे सोडून पूर्वजांना निरोप देतात.

मला सगळ्यात भावलं ते चीनमधलं. त्यांच्या सातव्या महिन्यात, ज्यांना वारस नाही अशा भटक्या आत्म्यांसाठीही घराबाहेर जेवण ठेवतात. आणि आपल्या तर्पणातही, ज्यांचं कोणीच नाही त्यांच्या नावाने पाणी सोडतात. हे मला आत्ता गुरुजींकडून कळलं. इतकी वर्षं मी फक्त वडे खात होतो.

यंदा आजींना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. अमावस्येला काकांचं पान वर न्यायचं काम माझ्याकडे आलंय. मी त्यांचं नाव विचारलं, तर आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "आम्ही नुसतं काकाच म्हणायचो रे."

तुमच्याकडे पानात काय काय वाढतात? व्हॉइस नोट पाठवा.