वडिलोपार्जित झाडी माजलीय? व्यापाऱ्याआधी वानिकी जाणणारा माणूस शोधा

घर ग्वाल्हेरच्या नया बाजारात, मुलं पुण्यात, आणि शिवपुरीच्या वाटेवर आजोबांच्या नावची काही बिघे जमीन. शेती केव्हाच बंद पडली, आता तिथे करधई, खैर, पळस आणि विलायती बाभूळ माजलीय. अशा जमिनीवर सल्ला द्यायला सगळ्यात आधी येतो तो लाकडाचा व्यापारी. ‘उभा माल घेतो, रोख देतो,’ म्हणतो. सल्ला त्याचा घेऊ नये, कारण त्याचा फायदा तोडण्यातच आहे.

मध्य प्रदेशात यासाठी वेगळा कायदा आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. २००१ च्या लोक वानिकी अधिनियमानुसार खासगी झाडीचा मालक व्यवस्थापन योजना करून घेऊ शकतो. ती तयार करतो नोंदणीकृत ‘चार्टर्ड फॉरेस्टर’, आणि वनखात्याची मंजुरी मिळाली की तोड त्या योजनेप्रमाणे होते. महाराष्ट्रातल्या वाचकांनी एक घोळ टाळावा: आपल्याकडे फॉरेस्टर म्हणजे वनपाल, सरकारी हुद्दा. हा तो नव्हे.

शोधायचं कुठे? जमीन ज्या जिल्ह्यात, तिथल्या वनमंडल अधिकाऱ्याच्या म्हणजे डीएफओच्या कार्यालयात. घर ग्वाल्हेरात असलं तरी जमीन शिवपुरीची असेल तर शिवपुरीला जावं लागेल. सोबत खसऱ्याची ताजी नक्कल न्या. त्यात ‘छोटे झाड का जंगल’ किंवा ‘बडे झाड का जंगल’ अशी नोंद दिसली तर कुऱ्हाड लांबच ठेवा, आधी तहसिलीत मालकीचा उलगडा करून घ्या. विदर्भातल्या ‘झुडपी जंगल’ नोंदीसारखंच हे दुखणं. शिवाय १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशाने ‘वन’ हा शब्द मालकी न बघता लागू केलाय. सातबारा आपल्या नावावर आहे, एवढ्याने भागत नाही.

माणूस भेटला की नोंदणी क्रमांक विचारा, आणि आधी केलेली एखादी झाडी दाखवायला सांगा. मोबदला ठरलेला असावा, लाकडाच्या विक्रीत वाटा मुळीच नको. जाणकार असेल तर तो रक्कम सांगायच्या आधी रानात फिरेल. करधई छाटली की बुंध्यातून फुटवे येतात. त्यातले एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे काढले, तरच झाड धरतं, आणि तेही चराई थांबली तर. विलायती बाभूळ नुसती वरून तोडली की दुप्पट फुटते, ती मुळाच्या गड्ड्यासकट खणावी लागते. हे न सांगता कुणी एकदम घनमीटर मोजायला लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

महाराष्ट्रात लोक वानिकी कायदा नाही. इथे १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा बघावा लागतो, आणि जाणकारांसाठी दापोली व अकोल्याच्या कृषी विद्यापीठांतल्या वनशास्त्र महाविद्यालयांत चौकशी करता येते. बेळगाव-कारवारकडच्यांना शिरसीचं वानिकी महाविद्यालय जवळ पडेल.