विषाणूच्या डीएनएवर प्रथिनांची जुळणी

जीवाणूंनाही विषाणूंची बाधा होते. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूत शिरणारा लॅम्डा हा असाच एक विषाणू. एस्थर लेडरबर्ग या अमेरिकन विदुषीने १९५० च्या सुमारास त्याचा शोध लावला. हा विषाणू कधी यजमान जीवाणूचा तत्काळ नाश करतो, तर कधी आपला डीएनए त्याच्या डीएनएमध्ये गुंफून पिढ्यान्‌पिढ्या निमूटपणे वास करतो. या गुंफणीलाच जनुकीय पुनःसंयोजनाचा एक प्रकार मानतात.

एकट्याचे काम नव्हे

डीएनए कापण्याचे व सांधण्याचे काम इंटिग्रेझ हे विषाणूचे प्रथिन करते. १९७५ मध्ये हॉवर्ड नॅश यांनी ही क्रिया परीक्षानळीत घडवून आणली. पुढील संशोधनातून असे आढळले की, इंटिग्रेझ एकट्याने हे काम करू शकत नाही. त्याला जीवाणूच्याच आयएचएफ या प्रथिनाचे साहाय्य लागते. इंटिग्रेझच्या रेणूला जणू दोन हात असतात. एका हाताने तो विषाणूच्या डीएनएवरील दूरचे स्थान पकडतो, तर दुसऱ्याने प्रत्यक्ष छेदाचे स्थान. आयएचएफ डीएनएला जवळजवळ उलट दिशेस वाकविते आणि ही दूरची स्थाने एकमेकांजवळ येतात. अशा रीतीने सिद्ध होणाऱ्या प्रथिनसंचास ‘इंटॅसोम’ म्हणतात. तो जीवाणूच्या डीएनएवरील नेमके स्थान पकडतो आणि मगच छेद होतो. छेदलेले टोक इंटिग्रेझशी रासायनिक बंधाने जखडलेले राहते. त्यामुळे सांधा पूर्ण होईपर्यंत ते मोकळे सुटत नाही. विषाणूला पुन्हा बाहेर पडावयाचे असेल, तर झिस हे आणखी एक प्रथिन या जुळणीत सामील होते. तात्पर्य, क्रियेची दिशा जुळणीच ठरविते.

मानवी आरोग्याशी संबंध

एड्सला कारणीभूत असणाऱ्या एचआयव्हीचे इंटिग्रेझ निराळ्या कुळातील आहे व त्याची कार्यपद्धतीही भिन्न आहे. तथापि, तेही विषाणूच्या डीएनएच्या टोकांवर संच बांधूनच मानवी पेशीच्या डीएनएमध्ये प्रवेश मिळविते. २००७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले राल्टेग्राविर हे औषध या जुळलेल्या संचालाच चिकटून पुढील क्रिया रोखते. याच वर्गातील डोल्युटेग्राविर भारतातील शासकीय एआरटी केंद्रांतून रुग्णांना विनामूल्य मिळते. मात्र पेशीत आधीच गुंफला गेलेला विषाणूचा डीएनए ही औषधे काढून टाकू शकत नाहीत. म्हणूनच उपचार लवकर सुरू करणे आणि ते आजन्म, एकही दिवस न चुकविता घेणे अगत्याचे आहे.