नळाला पाणी येतंय का?

पक्षाघाताला आपल्याकडे अजूनही 'अंगावरून वारं गेलं' असंच म्हणतात. सकाळी उठल्यावर तोंड वाकडं, उजवा हात लुळा, जीभ जड. दवाखान्यात घरच्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : 'रात्री जेवून नीट झोपले होते हो!' या एका वाक्याने मेंदूविकारतज्ज्ञांना अनेक वर्षं हतबल केलं. झटका रात्री अकराला आला की पहाटे पाचला, हे कुणीच सांगू शकत नाही, आणि औषधाची मुदत तर घड्याळावर मोजायची. ही कोंडी अलीकडे, २०१८च्या सुमारास फुटली. घड्याळ बाजूला ठेवून मेंदूतल्या रक्ताकडेच थेट पाहता येऊ लागलं, म्हणून. त्या पाहण्याची गोष्ट मात्र नव्वद वर्षांची आहे.

ती सुरू होते लिस्बनमध्ये, १९२७च्या जूनमध्ये. क्ष-किरणांत कवटी दिसे, आतला मेंदू दिसत नसे. तिथले मेंदूविकारतज्ज्ञ एगास मोनिझ यांची कल्पना अशी, की क्ष-किरणांना अडवणारं काहीतरी रक्तातच मिसळावं. गाउटमुळे त्यांचे हात कामातून गेलेले, त्यामुळे सुईचं काम त्यांचे तरुण सहकारी आल्मेदा लिमा करत. आधी स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरून पाहिलं. त्यात एक रुग्ण दगावला. मग सोडियम आयोडाइडचं २५ टक्के द्रावण घेतलं. २८ जूनला पिट्युटरीची गाठ असलेल्या एका तरुणाच्या मानेतल्या धमनीत ते सोडलं आणि फोटोत मेंदूच्या धमन्या झाडाच्या फांद्यांसारख्या उमटल्या. मोनिझ यांना शोध होता गाठींचा : गाठ धमनीला बाजूला रेटते, त्यावरून तिची जागा कळते. पुढे १९४९मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते मात्र मेंदूतले तंतू कापण्याच्या शस्त्रक्रियेसाठी, जिचं नाव आज कुणी अभिमानाने घेत नाही. नोबेल समितीने चुकीच्या कामावर बोट ठेवलं, असं माझं मत आहे.

पण मोनिझ यांची ही पद्धत, अँजिओग्राफी, म्हणजे पाइपांचा नकाशा. पाइप असणं आणि पाणी येणं यांतला फरक सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. पालिकेची लाइन दारापर्यंत आलेली असते, व्हॉल्व्ह उघडा असतो, तरी चौथ्या मजल्यावर बादली भरत नाही. कधी उलट, मुख्य लाइन बंद असते आणि शेजारच्या इमारतीतून ओढलेल्या नळीवर घर निभावतं. मेंदूत अशा आडवाटेच्या जोडण्या पुष्कळ आहेत. म्हणून एकाची मानेतली धमनी पूर्ण बुजलेली असूनही तो रोज फिरायला जातो, आणि दुसऱ्याला तेवढ्याच अडथळ्याने अर्धांग होतं.

धार मोजायचा पहिला भरवशाचा हिशेब १९४०च्या दशकात सीमोर केटी आणि कार्ल श्मिट यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मांडला. माणसाने दहा मिनिटं १५ टक्के नायट्रस ऑक्साइड हुंगायचा. एक सुई धमनीत, दुसरी मानेतल्या शिरेत, जिथून मेंदूचं रक्त परत निघतं. आत गेला किती, बाहेर आला किती, दर थोड्या वेळाने नमुने घेऊन पाहायचं. मेंदूने वायू किती वेगाने शोषला यावरून रक्त किती फिरलं ते निघतं. हिशेब साधा, करणाऱ्याचा हात मात्र पक्का हवा. उत्तर आलं : दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५४ मिलिलिटर. म्हणजे अख्ख्या मेंदूला मिनिटागणिक पाऊण लिटरच्या आसपास. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला अवयव हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सातवा-आठवा हिस्सा खातो.

गंमत पुढेच आहे. याच पद्धतीने माणसाला तोंडी गणितं घालून पाहिली, तरी एकूण आकडा जागचा हलेना. कारण तो साऱ्या मेंदूची सरासरी होता. गावाला एकूण पाणी किती सोडलं ते कळलं, कुठल्या आळीत नळ कोरडा आहे ते नाही. आणि पक्षाघात म्हणजे तर एका आळीचंच दुखणं.

आळीपर्यंत पोचले ते कोपनहेगनचे नील्स लासेन आणि स्वीडनमधल्या लुंडचे डेव्हिड इंग्वार. त्यांनी आधी क्रिप्टॉन-८५ आणि मग झेनॉन-१३३ हे किरणोत्सारी वायू वापरले. झेनॉन सलाइनमध्ये विरघळवून मानेतल्या धमनीत सोडायचा आणि डोक्याच्या बाजूला लावलेल्या संवेदकांनी तो कुठून किती वेगाने धुऊन निघतो ते टिपायचं. जिथून लवकर गेला तिथे रक्त भरपूर, जिथे रेंगाळला तिथे तुटवडा. हे संवेदक सुरुवातीला मोजके होते, सत्तरच्या दशकापर्यंत २५४ झाले, आणि पडद्यावर मेंदूचा रंगीत पृष्ठभाग दिसू लागला. बोलताना एक भाग उजळे, हात हलवला की दुसरा. केटींच्या सरासरीत बुडालेल्या सगळ्या आळ्या वर आल्या.

लासेन यांना शब्दांचीही जाण होती. झटक्यानंतर काही रुग्णांत जखमी भागाकडे रक्त गरजेपेक्षा जास्तच धावतं, हे पाहून त्यांनी १९६६मध्ये त्याला नाव दिलं 'लक्झरी परफ्यूजन', चैनीचा पुरवठा. पुढे १९८१मध्ये पेट स्कॅन करणाऱ्या फ्रेंच संशोधकांना उलटी स्थिती सापडली. रक्त इतकं कमी की मेंदू त्यातला ऑक्सिजनचा थेंब न् थेंब पिळून घेतोय. तिला त्यांनी म्हटलं 'मिझरी परफ्यूजन', हलाखीचा पुरवठा. दोन्ही शब्द आजही वापरात आहेत.

त्याच वर्षी तिसरा शब्द रुळला. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं, की धार २० मिलिलिटरच्या आसपास उतरली की पेशी गप्प होतात, पण मरत नाहीत. १०च्या खाली गेली की पेशीची भिंतच ढासळू लागते. या दोन आकड्यांमधला पट्टा म्हणजे मुका, पण जिवंत मेंदू. आस्ट्रुप, सिएश्यो आणि सायमन यांनी त्याला ग्रहणातल्या उपच्छायेचं नाव दिलं, पेनम्ब्रा. उपचाराचा सगळा खटाटोप या पट्ट्यासाठी आहे. त्याच्या आतला मेलेला गाभा गेला तो गेला.

आता वाटेल की नाव पडलं, पद्धत हाती आली, पुढचं सोपं. तसं झालं नाही. पेट स्कॅनला लागणाऱ्या ऑक्सिजन-१५ची अर्धायु दोन मिनिटांची, म्हणजे सायक्लोट्रॉन रुग्णालयाच्या आवारातच हवा. अर्धांग झालेल्या माणसासाठी मध्यरात्री हे सगळं कोण सुरू करणार? १९७१मध्ये हाउन्सफील्ड यांचा सीटी स्कॅन लंडनजवळ विम्बल्डनच्या रुग्णालयात पहिल्यांदा रुग्णावर चालला आणि त्याने रक्तस्राव लगेच पांढराशुभ्र दाखवला. पण गुठळी अडकून झालेल्या झटक्यात पहिल्या काही तासांचा साधा सीटी बऱ्याचदा जवळपास निर्दोष दिसतो. म्हणून १९९५मध्ये गुठळी विरघळवणारं औषध उपयोगी ठरलं, तेव्हा सीटीकडे एकच काम आलं : रक्तस्राव नाही ना, एवढं सांगणं. बाकी निर्णय घड्याळाचा. आधी तीन तास, २००८नंतर साडेचार. झोपेत झटका आलेल्यांचं घड्याळ रात्री निजल्या वेळेपासून धरायचं, म्हणजे सकाळी दारात पाऊल टाकण्याआधीच मुदत संपलेली.

मोजमाप अचूक असूनही उपचार फसल्याची गोष्टही सांगायला हवी. मानेतली धमनी बुजलेल्यांना डोक्याच्या कातडीतली धमनी आत जोडून द्यायची, ही बायपास शस्त्रक्रिया १९६७पासून होत होती. १९८५च्या मोठ्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही. समर्थक म्हणाले, रुग्ण निवडताना रक्तप्रवाह मोजलाच नव्हता, हलाखीचा पुरवठा असलेलेच निवडा. मग अमेरिकेत पेट स्कॅनने नेमके तसेच रुग्ण निवडून पुन्हा चाचणी झाली. २०११मध्ये निकाल आला : दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका शस्त्रक्रियावाल्यांत २१ टक्के, फक्त औषधं घेणाऱ्यांत २२.७ टक्के. जोडलेल्या धमनीने रक्त नेलं, चित्र सुधारलं, पण शस्त्रक्रियेच्या आसपासच इतक्यांना झटके आले की कमावलेलं सगळं तिथेच खर्ची पडलं.

याउलट एका साध्या यंत्राने शांतपणे काम केलं. १९८२मध्ये रूने ओसलिद यांनी दाखवलं, की कानशिलाच्या पातळ हाडातून ध्वनिलहरी पाठवून मेंदूच्या धमनीतल्या रक्ताचा वेग मोजता येतो. पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी जोरात उडतं. धमनी अरुंद झाली की तिथला वेगही तसाच वाढतो. १९९८मध्ये सिकलसेल असलेल्या मुलांवर याचा उपयोग सिद्ध झाला. ज्यांचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर गेला होता, त्यांना नियमित रक्त चढवल्यावर पहिल्या झटक्याचा धोका ९२ टक्क्यांनी घटला. गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल हे घराघरात ठाऊक असलेलं नाव आहे. तिथे नेता येईल असं हे यंत्र आहे, सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. रंगीत नकाशांच्या कौतुकात ते मागे पडलं, याची मला खंत वाटते.

पक्षाघातासाठी एमआरआय नव्वदच्या दशकात आला तो दुहेरी : एका चित्रात मरत चाललेला भाग, दुसऱ्यात रक्ताला मुकलेला. दोन्हींतली तफावत म्हणजे ढोबळमानाने पेनम्ब्रा. मग सीटीनेही तेच शिकून घेतलं. टेबलावर रुग्ण निजलेला, दंडाच्या शिरेत आयोडीनचं द्रव्य पंपाने जोरात जातं, अंग क्षणभर गरम होतं, आणि मशीन सुमारे मिनिटभर त्याच थरांचे फोटो पुन्हा पुन्हा काढतं. द्रव्य कुठे कधी पोचलं, यावरून संगणक काही मिनिटांत नकाशा रंगवतो. धार निरोगी भागाच्या ३० टक्क्यांखाली तो गाभा; द्रव्य सहा सेकंदांहून उशिरा पोचलं तो धोक्यातला भाग. तत्त्व केटींच्या हिशेबाचंच भाऊबंद आहे, फक्त मानेत सुई खुपसावी लागत नाही.

२०१८मध्ये दोन चाचण्यांचे निकाल छापून आले. गाभा लहान आणि वाचवण्याजोगा मेंदू मोठा असेल, तर एकीत २४ तासांपर्यंत, दुसरीत १६ तासांपर्यंत नळीने गुठळी ओढून काढण्याचा फायदा होतो. पहिलीत तीन महिन्यांनी आपापलं जगू शकणारे ४९ टक्के होते, नुसत्या औषधांवर असलेल्यांत १३ टक्के. 'रात्री नीट झोपले होते' म्हणणाऱ्यांना पहिल्यांदाच 'उशीर झाला'खेरीज दुसरं काही ऐकायला मिळालं.

मात्र नकाशावर आंधळी भिस्त ठेवू नये, हेही लगोलग कळलं. २०२२-२३मध्ये पाठोपाठ चाचण्या आल्या, ज्यांत गाभा मोठा असलेल्यांनाही गुठळी काढल्याने फायदा झाला. जुन्या निकषांनी त्यांना परत पाठवलं असतं. आणि झटक्यानंतर फार लवकर आलेल्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसते. नकाशात एखादा भाग मेलेला म्हणून रंगवलेला असतो, तासाभरात धमनी मोकळी होते, आणि दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये तो भाग धडधाकट असतो. धार ३० टक्क्यांखाली गेली होती हे खरं, पण पेशी मरायला वेळच मिळाला नव्हता. डॉक्टर त्याला 'घोस्ट कोअर' म्हणतात, भुताचा गाभा. अशा रुग्णाच्या घरच्यांना ते आता पुन्हा विचारतात : शेवटचं नीट बोलले ते नेमकं किती वाजता?