सामाईक विहीर

बँकेत असताना शेतीकर्जाच्या कागदांत एक नोंद मी शेकडो वेळा वाचली. मोटर-पंपासाठी कर्ज मागणाऱ्याच्या सातबाऱ्यावर लिहिलेले असे : 'विहिरीत चार आणे हिस्सा'. चार भावांत एक विहीर, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. सोलापूरच्या कोरडवाहू मुलखात हे शहाणपण कुणाला शिकवावे लागत नाही.

ही नोंद परवा अचानक आठवली. आमच्या शेजारची मुलगी इथेच एम.एस्सी. झाली, आता पीएच.डी.साठी प्रथिनांच्या रचनेवर काम करते. म्हणाली, "काका, इंदूरला आमचा नंबर लागला!"

प्रथिनाचा रेणू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. त्याचे स्फटिक करायचे, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा गणिताने काढायच्या. औषध कोणत्या खाचेत बसेल, ते त्यातून कळते. त्यासाठी लागणारे प्रखर किरण इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या 'इंडस-2' मध्ये मिळतात. 172.5 मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन धावतात आणि वळताना किरण सोडतात. तिथली प्रथिन-स्फटिकांसाठीची किरणवाहिनी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारली. एकट्या विद्यापीठाला हे झेपणारे नव्हे. म्हणून देशभरचे संशोधक अर्ज करतात आणि पाळीपाळीने यंत्र वापरतात.

हाती आलेली रचनाही सामाईकच. 1971 साली 'प्रोटीन डेटा बँक' सुरू झाली तेव्हा तीत सात रचना होत्या. आज दोन लाखांहून अधिक आहेत. रचना वर्तवणाऱ्या ज्या संगणक-प्रणालीला 2024 चे नोबेल मिळाले, ती याच ठेवींवर शिकली. ठेव एकाची, काढणार कुणीही आणि शिल्लक वाढतच जाणार, अशी बँक मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नाही.

पण एक गोष्ट खुपते. विहिरीत हिस्सा असूनही ज्याच्या रानापर्यंत पाट नव्हता, त्याचे पीक वाळायचे. आम्ही मोटरीला कर्ज देत असू. पाटाचे काय, हे मीही कधी विचारले नाही. इंदूरचे दार उघडे आहे, पण तिथे न्यायला आधी चांगला स्फटिक हवा. त्यासाठी प्रथिन शुद्ध करण्याची साधने, शीतकक्ष, न जाणारी वीज, जाणता मार्गदर्शक आणि स्फटिक गोठवून न्यायला द्रवरूप नायट्रोजन लागतो. जिल्ह्याच्या गावी हा पाट कोण खोदणार? मोठ्या यंत्राइतकाच पैसा आणि जिव्हाळा या लहान गोष्टींनाही मिळायला हवा.

पोरगी पुढच्या आठवड्यात निघते आहे. परत आली की पहिला प्रश्न हाच विचारीन : स्फटिक नीट पोचले ना?